डिझेल वाहायला डिझेल लागतं

माझे सासरे गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांच्या गाड्या सेलूतल्या आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत लागल्या होत्या. मी आत शेजारून आलेला चहा कपांत ओतत होते, आणि कान मात्र बाहेर होता. उगाच वाटत होतं की आता हा माणूस उठेल, चपला पायात सरकवेल आणि रडायला आलेल्या एकेकाच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून विचारेल, "किती देती?"

किती देती म्हणजे ॲव्हरेज किती देती. लिटरमागे गाडी किती किलोमीटर जाते हा प्रश्न आमच्या परभणी जिल्ह्यात सगळेच विचारतात, पण लोक आधी 'बरं हाय का' म्हणतात. सासरे ते नंतर म्हणायचे. पुष्कळदा राहूनच जायचं.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे आणि सासूबाईंना आत्याबाई, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे. माझ्या सोयरिकीची बोलणी करायला माझे वडील परभणीहून सेलूला आले ते मित्राची कार मागून. मामांनी दारातच विचारलं, किती देते. वडील साधे मास्तर. ते म्हणाले, मित्राची आहे, आपल्याला काही कल्पना नाही. मामांनी पाणी दिलं, चहा दिला, पण चेहरा उतरला तो उतरलाच. वडील गेल्यावर घरात म्हणाले, की ज्या गाडीत बसून आला तिचं ॲव्हरेज ज्याला माहीत नाही त्यानं पोरगी काय बघून वाढवली असेल. सोयरीक तिथंच मोडायची. आत्याबाईंनी सांगितलं, की पोरीचं ॲव्हरेज मी बघते, तुम्ही गाडीचं बघा. म्हणून मी या घरात आले. ही गोष्ट आत्याबाईंनी मला लग्नानंतर दोन महिन्यांनी, शेंगा फोडता फोडता सांगितली आणि इतक्या हसल्या की टरफलं मांडीवरून सांडली.

मामांची सगळी नोकरी एका जिनिंग मिलच्या काट्यावर गेली. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला, अख्खी गाडी वर उभी राहील एवढा वजनकाटा. कापसाची गाडी आधी भरलेली तोलायची, कापूस ओतला की खाली, म्हणजे रिकामी, गाडी तोलायची, मधला फरक म्हणजे कापूस. एवढंच शास्त्र. बाकीचे लोक ते मिलच्या गेटवर ठेवून घरी जेवायला जात, मामा ते घरी घेऊन येत. पाहुणा आला की त्याच्याकडे भरली गाडी म्हणून बघायचे आणि निघाला की खाली गाडी म्हणून. एखादा जाताना जास्त जड वाटला तर आत्याबाईंना दोन शब्द ऐकावे लागत. मला मुलगा झाला तेव्हा दवाखान्यात सगळे बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघत होते. मामांनी नर्सला बाळाचं वजन विचारलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "अन् हिचं किती कमी झालं?"

त्यांच्याकडे एक जुनी मोपेड होती. उतार लागला की ते इंजिन बंद करायचे. आता सेलूच्या आसपास देवानं उतार ठेवलेच नाहीत, आणि मामांचं देवाशी तेवढं एकच भांडण होतं. देवगाव फाट्याच्या रस्त्यावर एका नाल्याच्या पुलाआधी थोडासा उतार आहे. तिथं ते इंजिन बंद करून दोन्ही पाय उचलून बसायचे. मोपेड पुलापर्यंत आपोआप जायची. मग तोंडभर समाधानानं म्हणायचे, इथपर्यंत फुकट आलोत. मागच्या सीटवर आत्याबाई असायच्या. पुलाच्या पुढं चढ होता, तिथं मोपेडवरचं वजन कमी व्हावं म्हणून त्या उतरायच्या आणि पिशवी घेऊन चालत वर यायच्या. इथपर्यंत फुकट कोण आलं हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मामांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "डिझेल वाहायला डिझेल लागतं." त्याचा अर्थ असा, की टाकी गच्च भरून घेणारा माणूस मूर्ख. कारण भरलेल्या टाकीचं वजन ओढायलाच निम्मं डिझेल जातं. गल्लीत कुणी 'फुल करून आणली' म्हटलं की मामा त्याच्याकडे, ज्याच्या घरी कुणी आजारी आहे त्याच्याकडे बघावं, तसे बघायचे.

अशा माणसाच्या संसारात आत्याबाईंना एकच हौस होती. त्यांना समुद्र बघायचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी मामांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, की एकदा समुद्र दाखवून आणतो. त्यानंतर चाळीस वर्षं काही ना काही आडवं आलं. बहुतेक वेळा आडवं आलं ते ॲव्हरेज. कुणाची जीप मिळाली तर ती कमी देते, कुणाची कार मिळाली तर ती देते पण माणसं मावत नाहीत. आत्याबाईंनी टीव्हीवर समुद्र बघितला होता आणि त्यांना एक शंका होती, की ती लाट परत परत तीच येते का दरवेळी दुसरी. मला विचारायच्या. मी तरी काय सांगणार, मी एकदा शाळेच्या सहलीत पाहिलेला, तेव्हा लक्ष सगळं चपला सांभाळण्यात होतं.

मग त्यांच्या गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली. परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, की आज ना उद्या ऑपरेशन करावं लागेल, कुठं जायचं-यायचं असेल तर चालता येतंय तोवर जाऊन या. आत्याबाई दवाखान्यातून आल्या आणि देवघरासमोर बसून एवढंच म्हणाल्या, की आता या वर्षी नाही तर नाहीच. त्यांनी आयुष्यात धमकी दिली ती ही एकच. माझ्या नवऱ्यानं त्याच मे महिन्यात सतरा सीटर व्हॅन ठरवली. आम्ही, ताडकळसहून नणंद, जावई, मुलंबाळं, सगळे मिळून चौदा जण. कोकणात जायचं, समुद्राकाठच्या एका गावात एक दिवस राहायचं आणि परत यायचं. परतायची घाई होती, कारण जावयाच्या पुतणीचं लग्न त्याच आठवड्यात होतं आणि हळदीला तरी पोचणं भाग होतं.

अशी गाडी दोन प्रकारे मिळते. एक किलोमीटरवर, म्हणजे डिझेल त्यांचं, आपण नुसतं खिडकीतून बघायचं. दुसरी दिवसावर, म्हणजे गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा आणि डिझेल आपलं. शहाणी माणसं पहिली घेतात. नवऱ्यानंही पहिलीच ठरवली, इसार दिला आणि घरी येऊन सांगितलं. मामा 'बरं' म्हणाले. मामांनी 'बरं' म्हटलं की काळजी करावी, हे इतक्या वर्षांत आम्हाला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडीमालकाकडे जाऊन दिवसावरची ठरवून आले. का, असं विचारलं तर म्हणाले, "डिझेल त्याचं असल्यावर आपन काय करायचं? नुसतं बसायचं? मंग गाडी केली कशाला?"

ड्रायव्हर पाथरीचा, पोटानं सुखी, गाण्यांचा शौकीन. गाडी किती देते, तर अकरा देते म्हणाला. मामांनी त्याला खांद्याला धरून सांगितलं, की मी चौदा काढून दाखवतो. ड्रायव्हर हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

निघायच्या पहाटे गाडी देवगाव फाट्याकडे वळायच्या ऐवजी जिनिंगकडे वळली. हंगाम संपलेला, काटा रिकामा पडलेला, आणि काट्यावरचा नवा माणूस मामांच्या हाताखाली शिकलेला. मामांनी आधी सगळ्यांसकट गाडी तोलली. मग हुकूम सोडला, की सगळे उतरा, आता खाली तोलायची. जावई उतरले, मुलं उतरली, मीही उतरले. आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. मामा दारात जाऊन उभे राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "मी काय कापूस हाय का?" आणि त्यांनी पदर नीट केला. मामांनी थोडा वेळ वाट बघितली. शेवटी खाली गाडीच्या वजनात आत्याबाई धरूनच हिशेब झाला.

वजन जास्त भरलं. मग मामांनी गाडीतून पाण्याचा जार काढला, सतरंज्या काढल्या आणि धपाट्यांच्या दोन डब्यांतला एक काढून काट्यावरच्या माणसाला दिला. तो माणूस आजही आमच्या धपाट्यांची तारीफ करतो. आत्याबाईंच्या पायाशी एक प्लास्टिकची बाटली होती, ती मामांनी उचलून विचारलं, की ही कशाला. त्या म्हणाल्या, समुद्राचं पाणी आणायला. मामांनी बाटली हलवून बघितली आणि खाली ठेवली. "खाली हाय. राहू दे."

टाकी अर्थातच अर्धी भरली.

पुढचा प्रवास मी कुणालाही सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी वाढवून सांगतेय. मे महिना, चौदा माणसं आणि एसी बंद, कारण एसी डिझेल पितो. म्हणून खिडक्या उघडल्या. मामा म्हणाले, खिडक्या लावा, वारं आत शिरलं की गाडीला मागं ओढतं. म्हणून खिडक्या लावल्या. जालन्याच्या अलीकडेच माझ्या धाकट्या भाच्यानं उलटी केली, तेव्हा तडजोड होऊन खिडक्या चार बोटं उघडायची परवानगी मिळाली. ड्रायव्हरनं वेग वाढवला की मामा त्याच्या मांडीवर हात ठेवायचे. एसटी आम्हाला मागं टाकून गेली, कांद्याचे ट्रक गेले, आणि एका ठिकाणी उसाचा रिकामा ट्रॅक्टर गेला, त्याच्या ट्रॉलीतल्या बायकांनी आमच्याकडे बघून हात हलवले. जावई मागच्या सीटवरून दर तासाला विचारायचे, की आपण कुठपर्यंत आलो. जावई शांत माणूस, पण जावईच. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला नणंदेचं तोंड कसनुसं व्हायचं.

ज्या रात्री समुद्राकाठी झोपायचं होतं त्या रात्री आम्ही पुण्याच्याही अलीकडे एका लॉजच्या डासांत झोपलो. म्हणजे आता समुद्राला उरली दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. आत्याबाई म्हणाल्या, संध्याकाळ तर संध्याकाळ, मला काय त्यात पोहायचंय.

घाटाच्या आधी शेवटचा मोठा पंप लागला. काटा खाली आला होता, या वेळी डिझेलचा. ड्रायव्हर म्हणाला, इथं भरून घेऊ. माझा नवरा म्हणाला, घेऊ. मामांनी दोघांकडे कीव केल्यासारखं पाहिलं. त्यांचं म्हणणं, पुढं घाट उताराचा, कोकण खाली, समुद्र त्याच्याही खाली. पाणी जिथं आपोआप वाहत जातं तिथं गाडीला डिझेल कशाला? चौदाच्या हिशेबानं आरामात पोचतो, आणि गावात गेल्यावर भरू. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला हे पटतं. मला पटलं. आम्ही सगळी सपाट मुलखातली माणसं, आम्हाला वाटलं की घाट उतरला की समुद्रापर्यंत घसरगुंडीच असणार.

घाट लागला. आयुष्यभर एका पुलाच्या उतारावर भागवलेल्या माणसासमोर देवानं सगळा राखून ठेवलेला उतार एकदम ओतला. मामा ड्रायव्हरला म्हणाले, कर बंद. ड्रायव्हर दोन दिवसांत पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "बंद गाडीला ब्रेक धरत न्हाई मामा. खाली चौदा माणसं जातील, मंग काढा ॲव्हरेज." त्या लांबलचक उताराकडे मामा असे बघत होते, की मला त्यांची दयाच आली. थोडीशी.

घाट संपला आणि चढ लागला. तो संपला, उतार लागला, पुन्हा चढ. कोकणात रस्ता सरळ समुद्राला जातच नाही, आधी सगळे डोंगर विचारून घेतो. ड्रायव्हर गिअर बदलून बदलून घामाघूम झाला. असाच एक चढ चढताना गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. मामांनी मीटरकडे पाहिलं. चौदा तर सोडाच, पाथरीच्या माणसाचे अकरासुद्धा भरले नव्हते.

ड्रायव्हर कुणाच्या तरी मोटारसायकलवर कॅन घेऊन गेला. जाताना सांगून गेला, की डिझेल आणलं तरी लगेच चालू व्हायची नाही, टाकी कोरडी पडलीय, पाइपातली हवा काढावी लागेल, अंधार होईल. ऊन तिरपं झालं होतं. समुद्र, रस्त्यावरचा एक माणूस म्हणाला, इथून जवळच. समुद्र नुसता वासानं कळत होता.

तेव्हा जावई पुढं आले. ओरडले नाहीत, काही नाही. अगदी सभ्यपणानं म्हणाले, की मामा, गाडी चालू झाली की इथूनच मागं फिरू. नाहीतर हळद चुकते, अन् माझ्या भावाला मी काय तोंड दाखवू. आता आमच्याकडे जावयानं असं म्हटल्यावर त्यापुढं बोलायचं नसतं. माझा नवरा खाली बघू लागला. नणंद रडायला लागली. आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या, काट्यावर बसल्या होत्या तशाच. त्यांनी पायाजवळची रिकामी बाटली उचलली आणि पिशवीत घालून ठेवली.

त्या वेळी मला मामांचा जेवढा राग आला तेवढा पुढं-मागं कधी आला नाही. मला वाटत होतं, या माणसाला खरंच काट्यावर उभं करावं आणि विचारावं, की आता सांगा किती भरलं. पण मामा तिथं नव्हते. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात पसरून, आणि एक जीप कचकन त्यांच्यासमोर थांबली होती.

जीप कसली, जीपची आठवण. मागं फणस भरलेले, दाराला दोरी, धुराचा लोट असा की आमची गाडी दिसेना. मामा चालवणाऱ्याशी काय बोलले ते ऐकू आलं नाही. मग ते व्हॅनच्या दाराशी आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "उतर."

आत्याबाई बघतच राहिल्या. मामा म्हणाले, "वजनाला न्हाई. समुद्राला."

मी त्यांना हाताला धरून, पिशवीसकट उतरवलं. नवरा म्हणाला, तू जा सोबत, मी इथं बघतो. आत्याबाईंना पुढं बसवलं, मी त्यांच्याशेजारी अर्धी सीटवर अर्धी बाहेर, आणि मामा मागं फणसांवर. जीप निघाली, प्रत्येक चढाला रडत. ही बया लिटरला किती देत असेल याचा विचार माझ्याच मनात आला. मी वाट बघत होते, की आता मागून प्रश्न येईल. जीप पोचली, जीपवाल्यानं दोरी सोडून दार उघडून दिलं, आम्ही उतरलो, तरी मामांनी विचारलं नाही.

सूर्य पाण्याला टेकत होता. आत्याबाई वाळूत दोन पावलं चालल्या, थांबल्या, माझा हात सोडला आणि एकट्या पुढं गेल्या. लाट आली, त्यांचे पाय भिजवून गेली. लुगड्याचा काठ भिजला तरी त्यांनी उचलला नाही. दुसरी आली. मग त्या वळून मला म्हणाल्या, की दुसरीच असते गं दरवेळी, तीच नसते. एवढं सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते कळतही नव्हतं. मलाही रडू आलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मामा मागं कोरड्या वाळूत चपला हातात घेऊन उभे होते. सदऱ्याला फणसाचा चीक लागला होता. बऱ्याच वेळानं ते पुढं आले आणि आत्याबाईंच्या बाजूला उभे राहिले. आत्याबाई समुद्राकडेच बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षं. एक समुद्र. काढा आता ॲव्हरेज."

मामांचा हिशेब फार जलद. भरली गाडी सांगितली की खाली गाडी ते कागदाशिवाय काढायचे. इथं त्यांना वेळ लागला. एक लाट आली, गेली.

"लय कमी हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी आत्याबाईंच्या पिशवीतून बाटली काढली, गुडघ्याएवढ्या पाण्यात गेले, आणि ती गळ्यापर्यंत भरून आणली. पार गळ्यापर्यंत.

मामा त्या दिवसापासून सुधारले असं कुणाला वाटलं असेल तर तसं काही झालं नाही. त्याच जीपनं आम्ही व्हॅनपाशी परत आलो, आणि पुढं घाट चढताना त्यांनी मुलांना उतरून चालायला सांगता येईल का, असं ड्रायव्हरला विचारलं. हळदीला आम्ही पोचलो, जेवणं उरकल्यावर. जावई त्यानंतर मामांनी ठरवलेल्या गाडीत कधी बसले नाहीत. पण आत्याबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर दोन वर्षांत मामा त्यांना आणखी दोनदा समुद्रावर घेऊन गेले, दोघंच, सेलूहून रेल्वेनं. मी कौतुक केलं तर म्हणाले, की रेल्वेत डिझेलची कटकट आपल्याकडे नसते. तिसऱ्या वेळची तिकिटं काढलेली होती, तेवढ्यात ते गेले.

तर त्या दिवशी सगळे भेटायला येत होते. बायका आत्याबाईंभोवती बसल्या होत्या. कुणी म्हणालं, माणूस मोठा हिशेबी. कुणी म्हणालं, तुम्हाला फार जाच नाही ना झाला. आत्याबाई भिंतीला टेकून देवघराकडे बघत होत्या. तिथं ती बाटली अजून आहे, पाणी थोडं खाली गेलंय.

"चाळीस वर्षांत एक," त्या म्हणाल्या. "मंग दोन वर्षांत दोन."

बायकांना काही कळलं नाही. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आत्ता कुठं ॲव्हरेज सुधरायलं होतं."